समोरच्या फ्लॅटमधली कांताबाई

त्या उन्हाळ्यात मी एकच खोटं बोलली. बाकी सगळं खरं आहे. विश्वास ठेवा, नाही तर नका ठेवू. मले काही बक्षीस भेटून नाही राहिलं.

मागच्या वर्षीचा मे महिना. मंगळवार. दुपारचे पावणेतीन.

जागा... नागपूर, वर्धा रोड. जामठ्याच्या पुढं नवीन झालेली सात माळ्यांची बिल्डिंग.

रात्र नव्हती, बरं का. भर दुपार होती. पण आमच्या नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली त्याले ठाऊक आहे. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

माझं नाव वच्छला. नवरा जाऊन चार वर्षं झाली. पोरगा ऋषिकेश बंगलोरले. त्यानंच चौथ्या माळ्यावरचा फ्लॅट घेतला. मोबाइलवर मले वर चढणाऱ्या रेषा दाखवे. "आई, मेट्रो पुढं सरकली की इकडचं भाडं दुप्पट होते. रेट तर आताच वाढून राहिले."

मी म्हटलं, "बाप्पा! रेट वाढून राहिले, पण माणसं कुठं आहे?"

अठ्ठावीस फ्लॅट. सगळे विकलेले. राहती घरं फक्त चार. बाकीच्यांनी गुंतवणूक म्हणून घेतले अन् कुलूप ठोकलं.

सहा महिने भाडेकरू लागला नाही. ऋषिकेश म्हणाला, "भाडं आलं तर तुझा खर्च निघते, राहा नागपूरले. जूनपर्यंत नाही लागलं तर फ्लॅट विकतो अन् तुले इकडं आणतो."

मले जायचं नव्हतं. एकदा पंधरा दिवस राहून आली होती मी. दोघं नवरा-बायको सकाळी निघत, रात्री येत. दिवसभर मी अन् भिंती. नागपुरात निदान भाजीवाली तरी भांडते माझ्याशी.

अंकित म्हणून एक दलाल होता. तो म्हणे, "अवो काकू, लोकं येते, खालूनच पायते अन् गाडी वळवते. भूतबंगला वाटते त्यायले. राहतं घर दिसू द्या जरा."

झालं. मी शहरातल्या माझ्या घरून रोज दुपारी बसनं तिथं जाऊ लागली. बाल्कनीत साड्या वाळू घातल्या. मुंगवड्या टाकल्या. समोरचा फ्लॅटही बंदच होता, मालक दुबईले. त्याच्या दारातही पाणी शिंपडून रांगोळी काढली. माझ्या जुन्या चपला ठेवल्या.

त्या मंगळवारी अंकित एका नव्या जोडप्याले घेऊन आला. पोरगी प्रीती, मोठी गोड. तिनं विचारलं, "काकू, शेजारी कोण राहते? हे दिवसभर ड्यूटीवर. मी एकटीच राहीन घरात."

अन् माझ्या तोंडून निघून गेलं...

"कांताबाई राहते ना! खापा गावची आहे. गुडघे धरले तिचे, बाहेर निघत नाही. एकटा जीव, कोणी नाही तिले. बोलत जा तिच्याशी."

पोरगी खूश. फ्लॅट पसंत करून गेले तिघंही.

मी साड्या काढल्या, कुलूप लावलं, अन् समोरच्या चपला उचलायले वाकली.

मी त्या बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या.

आता त्या... दाराकडं तोंड करून होत्या.

अंकितचा पाय लागला असन, मी म्हटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला.

फरशीवर पाय घासत कोणीतरी येऊन राहिलं होतं. एक पाय टेके... दुसरा ओढे.

दाराशी येऊन थांबलं.

बांगड्या वाजल्या.

"वच्छला... चालली का वं?"

लिफ्टची वाट कोण पाहते! चार माळे मी कशी उतरली, मलेच माहीत नाही. चपला तिथंच राहिल्या.

जूनमध्ये प्रीती राहायले आली. माझं नागपूर वाचलं. मी कोणाले काही बोलली नाही. उन्हानं भास झाला, असं स्वतःले समजावलं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन.

"काकू, कांताबाई किती प्रेमळ आहे हो! दार उघडत नाही, गुडघे दुखते म्हणते. आतूनच बोलते. रोज दुपारी विचारते, वच्छला काहून येत नाही?"



"प्रीती, माझं नाव तुले कोणी सांगितलं?"

"त्यायनीच तर सांगितलं. करारावर तर ऋषिकेशदादाचं नाव आहे."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. खरं काय ते सांगून टाकलं. पोरगी फोनवरच रडू लागली.

दुसऱ्या दिवशी चौकीदार गोविंदानं दुबईले फोन लावून मालकाची परवानगी घेतली अन् दार उघडलं. मी तिथंच उभी होती.

आत धूळ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बोटभर धूळ. पावलाचा एक ठसा नाही.

फक्त दाराच्या आत, उंबऱ्याजवळ...

एक जागा लख्ख होती. भिंतीले टेकून, पाय लांब करून एखादी बाई बसन, तेवढी.

प्रीती त्याच संध्याकाळी गेली. बोभाटा झाला, दुसरं कोणी आलं नाही. ऋषिकेशनं फ्लॅट मिळेल त्या किमतीत विकला.

आता मी बंगलोरले आहे. अकराव्या माळ्यावर.

भीती वाटते. नाही काहून म्हणू? पण दुपारी घरात चिटपाखरू नसलं की जीव तुटते माझा. कांताबाईले मी नवरा दिला नाही, लेकरू दिलं नाही. बोलता बोलता एखादी बहीण तरी जोडून द्यायची होती ना! एकटी ठेवली अन् मी निघून आली.

इथं आमच्या समोरचा फ्लॅटही बंदच असते. मालक बाहेरदेशी आहे म्हणते.

परवा सुनेची मैत्रीण आली होती. तिनं विचारलं, "आई, समोर कोण राहतं?"

मी तोंड उघडलं होतं... अन् मिटून घेतलं.

पण सून-पोरगा उद्यापासून आठ दिवस बाहेरगावी चालले आहे. अन् मले आजकाल दुपारी झोप लागत नाही.