तोटीखालची कोरडी जागा

हे कुणाला सांगायचं नाही, वहिनीला तर नाहीच, असं आईने मला बजावलं आहे. पण गप्प राहवत नाही, म्हणून लिहिते.

दादा लढाईवर मिसरात गेला आणि मागे वहिनीला मुलगी झाली. सातव्या महिन्यातच, ओंजळीत मावेल एवढी. ऊब मिळाली तरच जगेल, असं तिला न्हाऊ घालणारी ठकुबाई म्हणाली. म्हणून आईने भोरच्या बाजारातून तांब्याचा जुना बंब आणला.

बंबाचं काम साधं. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वर पाभरीच्या चाड्यासारखं, नरसाळ्यासारखं पसरट तोंड. त्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. ओतलं नाही तर येत नाही.

आमची तोटी मात्र कुणी न ओतताच वाहायची. ठकुबाई इतर घरं उरकून दुपारी येईपर्यंत पाणी गार झालेलं असायचं. आणि बंब काठोकाठ भरलेला.

"सांध्याचा डाख सुटला आसंल," आई म्हणाली.

रखमाजी तांबटाने बंब भरून दिवसभर ओट्यावर ठेवला. थेंबही गळला नाही.

"बंब झ्याक हाय, काकी. कुनीतरी वरनं वततंय."

"कोन वतनार? घरात बाया तीन, त्यातली येक बाजंवर!"

"मग मांजराला इचारा," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाळाचे ओठ निळे पडले. आई देवापुढे बसली. मी ठरवलं, आज बंबाजवळून हलायचं नाही.

बंबाच्या तोंडावर फडकं ताणून सुतळीने आवळलं, कंदील लावला आणि न्हाणीचं दार ओढून बसले. आमच्या न्हाणीला खिडकी नाही. भर दुपारीही काळोख. धुराचा आणि ओल्या दगडाचा वास. निखारे मधूनच तडकत होते.

मग तोटी वाहू लागली.

फडक्याची गाठ तशीच होती. फक्त मधोमध ते खोल दबलं आणि भिजत गेलं... वरून कुणी तांब्या ओतावा तसं.

मी कंदील खाली नेला. सगळी फरशी ओली होती, पण तोटीखाली दोन पट्टे कोरडे होते. लांब, शेजारी शेजारी. धार त्यांच्यावर येऊन अधांतरीच फुटत होती... ठकुबाई बाळाला पायांवर घ्यायला पाय पसरून बसते, तेव्हा तिच्या पायांखालचा दगड असाच कोरडा राहतो.

पाय दाराकडे ओढत होते. पण आतल्या खोलीतून बाळाचं बारीक रडणं ऐकू आलं.

"बाई..." मी कसंबसं म्हटलं, "पाणी घ्या. पन आमची पोरबी तुमच्या लेकरावानीच हाय. तिलाबी बघा..."

धार थांबली.

त्या दिवसापासून पाणी गरम राहू लागलं. बाळाने अंग धरलं. "चंद्रे, बंबाला काय मंतर घातलास गं?" ठकुबाई विचारायची. आईला मात्र मी खरं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "असं बोलायचं न्हवतं, पोरी."

आज वहिनीने बाळाला उचललं, तर जावळ ओलं. अंगाला धुरीचा वास.

"वन्सं, हिला न्हाऊ कुनी घातलं? ठकुबाई तर आली न्हाई अजून!"

"म्याच," मी खोटं सांगितलं. बंब तर आज पेटवलेलाच नव्हता.

आई शेतावर गेली आहे. बाळ पलीकडच्या खोलीत पाळण्यात आहे. पाळण्याच्या कड्या मघापासून कुरकुरत आहेत, म्हणजे वहिनी झोका देत असेल. तिला आता सगळं सांगून टाकावं, असं मनात येतं, कारण उद्या जर

"वन्सं! म्या परसात हाय, हात शेनानं भरल्यात. बाळाकडं बघता का जरा?"

कड्या अजून