देठापाशी पिकलेला जर्दाळू

त्या गुरुवारी उपासाला फळं घ्यायला मी एमआयडीसीच्या चौकातल्या टेम्पोपाशी थांबले आणि सगळ्यांत लालसर जर्दाळू उचलला. बारीक भुरभुर चालू होती.

टेम्पोवाला ताडपत्रीवरचं पाणी झटकत म्हणाला, "लालीवर भुलू नका मॅडम, ती उन्हाची असती. देठापाशी बघा."

देठापाशी हिरवाच होता.

"आणि माणसाचं कुठं बघायचं?" रोज पोथी वाचणारी मी... कशी बोलून गेले, कुणास ठाऊक.

"तितंच," तो हसला. "जितनं तुटून आलाय, तितं."

त्याचं नाव मल्हार, गाव कळंब. एरवी पेरू-डाळिंबं विकायचा; पावसाच्या तोंडावर महिनाभर जर्दाळू. मी तिथल्याच एका डेअरीच्या ऑफिसात. माझी वडगाव निंबाळकरची बस त्याच चौकात थांबायची, आणि त्या महिन्यात ती फार वेळा चुकली. त्यानं मला शिकवलं — अंगठ्यानं दाबायचा नाही, तळहातात नुसता धरायचा. कच्चा असेल तर कागदी पिशवीत, केळ्याच्या शेजारी, देठ खाली करून ठेवायचा. फ्रिजमध्ये नाही, गारठला की गोडी तिथंच थांबते. पिशवीबाहेर वास आला की समजायचं.

पहिला मी देवापुढं ठेवते, दुसरा खाते, असं सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हंजी पयला देवाला, दुसरा तुमाला. आमी नुसता वास घ्यायचा व्हय?"

आषाढात आबांनी माझ्यासाठी इंदापूरचं स्थळ जवळजवळ नक्की केलं. मल्हारचं नाव घरात काढायची सोय नव्हती. त्याच्या आजोबांची मेंढरं कधीकाळी आमच्या रानात खताला बसायची. आबांना नाही म्हणायला तेवढं पुरलं असतं.

देवशयनी एकादशीला मी पाणी सोडलं — कार्तिकीपर्यंत जर्दाळू वर्ज्य. जीव जडलेली वस्तू सोडली की देव ऐकतो. इंदापूरचं मोडू दे, आणि मल्हार... पुढचं देवाला कळलं असेल. असा नेम पुरा होईपर्यंत कुणाला सांगायचा नसतो. सांगितला की फळत नाही.

चौथ्या दिवशी मल्हारनं रुमालात गुंडाळलेला एक जर्दाळू माझ्या तळहातावर ठेवला. सोनेरी, देठापर्यंत मऊ. वासानंच माझे डोळे मिटले.

"शेवटच्या पेटीतला हाय, तुमच्यासाठी पिकवलाय," तो खाली बघत म्हणाला. "मामा पोरगी देतोय. आज घरी जबाब द्यायचाय. मला नीट इचारता येत न्हाय... तुमी हा हितंच खाल्ला, तर मामाला न्हाय म्हणून सांगतो."

"घरी नेते... नंतर खाईन."

"आजच पिकलाय. उद्या असा ऱ्हायचा न्हाय."

बस आली. एका घासाचं काम होतं. पण नेम मोडला तर मागणंच बुडेल, तोच हातातून जाईल, असं मला वाटलं — खरंच वाटलं.

"मला नको," मी म्हणाले.

तो रिकाम्या काट्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं. बसा लवकर, जागा मिळंल."

जर्दाळू मात्र माझ्या मुठीतच राहिला. घरी आल्यावर देवापुढं ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटलं.

श्रावणात इंदापूरच्यांनी आपणहून नकार कळवला. मी देवापुढं साखर ठेवली आणि धावत चौकात गेले. टेम्पोच्या जागी चिखलात नुसत्या चाकांच्या खुणा होत्या. शेजारचा चहावाला लखन म्हणाला, मल्हारची सुपारी फुटली, तुळशीचं लग्न झालं की त्याचं.

कार्तिकीला नेम सोडायचा, तर ताजे जर्दाळू कुठले? वाण्याकडून दोन सुके आणले. सवयीनं देठापाशी बोट फिरवलं. तिथं काहीच कळत नव्हतं. पहिला देवापुढं ठेवला. दुसरा कितीतरी वेळ चावत राहिले... तो मऊ होईना.