गाळलेले श्वास

दुबईतल्या मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, एका साडीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला निनाद आणि अस्मिता राहायचे. शुक्रवारी सुट्टी. सकाळी पोहे व्हायचे, मग अस्मिता इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाजाला बसायची आणि नेमकं त्याच वेळी निनादला बाल्कनीतलं काहीतरी दुरुस्त करायचं आठवायचं. पाना, स्क्रू, खडखड.

"मुद्दाम करतोस ना रे?" ती विचारायची.

"छे! मी ठेका धरतोय," तो म्हणायचा.

निनादचं पोट आवाजावर चालायचं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका लहानशा स्टुडिओत तो फोनवरच्या आणि लिफ्टमधल्या बायका तयार करायचा. 'कृपया प्रतीक्षा करा', 'दरवाजा बंद होत आहे' म्हणतात ना, त्या. बाई माइकसमोर बोलून निघून जायची. मग तिचं खाकरणं, ओठ चिकटल्याचा आवाज आणि मुख्य म्हणजे तिचे श्वास, हे सगळं कापून काढायचं काम ह्याचं. तांदळातले खडे निवडावेत तसे तो श्वास निवडायचा. हातही असा बसलेला की बास. आता लिफ्टमधली बाई धापा टाकत 'सातवा मजला' म्हणाली, तर माणसं घाबरणार नाहीत का?

मग दोन हजार आठ सरता सरता दुबईचा फुगा फुटला. क्रेन जिथल्या तिथे थिजल्या. लिफ्टच बसवत नव्हते, तर त्यात बोलणारी बाई कुणाला हवी? मार्चमध्ये मालकाने सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, "खलास, हबीबी," म्हणाला आणि ढसाढसा रडला. निनाद त्याचीच समजूत घालून घरी आला. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर दुबई नाही. इतकं साधं गणित होतं. मालकाने व्हिसा सप्टेंबरपर्यंत रद्द न करायचा शब्द दिला होता, तेवढीच काय ती मुदत.

तळमजल्याला तय्यबभाईंचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. रत्नागिरीचा माणूस, तोंडाचा फटकळ पण मनाचा मोठा. त्यांचा एक जपानी गिऱ्हाईक होता, इंजिनिअर. त्याचीही नोकरी गेली, आणि जाताना तो सीडींचं एक खोकं दुकानात ठेवून गेला.

"हे घे," एक सीडी निनादच्या हातात देत तय्यबभाई म्हणाले. "तू आवाजातला माणूस. जपानात म्हणे हिच्यापायी पोरं येडी झालीत. आख्खी सीडी गाण्यांची, आणि गाणारी बाय जन्मालाच आली नाय! कॉम्प्युटर गातो. मी एक गाणं ऐकलं नि बंद केलं बाबा."

"का? वाईट आहे?"

"वाईट नाय रे. माझाच दम कोंडला."

निनादने घरी येऊन सीडी लावली आणि जागचा हलला नाही. मुलीचा आवाज. उंच, स्वच्छ, धारदार. माणसाच्या जिभेला पेलणार नाही अशा वेगाने शब्द सुटत होते, सूर कुठल्या कुठे चढत होते, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही एक श्वास नव्हता. जे कापण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, ते इथे मुळात नव्हतंच. आठवडाभर घरात दुसरं काही वाजलं नाही.

"ही बाई श्वास कधी घेते रे?" अस्मिताने स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतच नाही. तीच तर गंमत."

"मग तिला थांबायचं कुठे ते कळतं कसं?"

निनाद हसला आणि त्याने आवाज वाढवला.

अस्मिताला गाणं शिकवलं तिच्या वडिलांनी. साताऱ्याचे अण्णा, शाळेतले संगीताचे मास्तर. लहानपणी तिच्यासमोर निरांजन ठेवून गायला बसवायचे, ज्योत हलता कामा नये. "आधी श्वास, मग सूर," हे त्यांचं पालुपद. दुबईला आल्यावरही दर शुक्रवारी ती फोनवर त्यांना दोन ओळी म्हणून दाखवायची, आणि अण्णा तिकडून कान देऊन ऐकायचे. गवई तानेच्या आधी हळूच श्वास घेतात, ऐकणाऱ्याला कळू देत नाहीत. त्याला श्वास चोरणं म्हणतात. तो चोरटा श्वास अण्णांना हमखास सापडायचा. "धरली चोरी! धरली!" ते ओरडायचे, आणि अस्मिता शाळकरी पोरीसारखी हसायची. अण्णांचा आणि तिचा सगळा जिव्हाळा त्या एका श्वासात होता म्हटलं तरी चालेल.

तर निनादच्या डोक्यात खूळ शिरलं. असा गाणारा आवाज घरच्या घरी घडवायचा एक फुकटातला जपानी प्रोग्रॅम त्याला इंटरनेटवर सापडला. आपल्या भाषेत गाणारी अशी बाई अजून कुणी केलेली नाही. केली, विकली, तर इथेच पाय रोवता येतील.

"अस्मी, तुझा आवाज देशील?"

"घे बाबा! बाकी सगळं दिलंच आहे, तेवढंच राहिलं होतं."

भिंतीतल्या कपाटात रजया आणि शालू टांगून त्याने लहानशा खोलीसारखी जागा केली, आत माइक लावला. एसी बंद, पंखा बंद, मे महिना. घामाने निथळत अस्मिता आत बसायची आणि बाराखडी गायची. क का कि की, एका सुरावर. मग वरच्या सुरावर. मग त्याच्याही वरच्या. "पहिलीतली पोरंसुद्धा सुटतात रे एव्हाना," ती आतून ओरडायची. दोघं खूप हसले त्या दिवसांत. निनादला पुढे सगळ्यांत जास्त ते हसणंच छळणार होतं.

रेकॉर्डिंग संपल्यावर त्याने सवयीने श्वास वेगळे काढले. अस्मिताच्या श्वासाला सुरुवातीला घशाशी एक बारीकशी अडक होती, दाराची कडी हलकेच लागावी तशी. ती कानाला इतकी ओळखीची होती की क्षणभर त्याचा हात थांबला. पण जपानी बाईचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता, आणि ह्याला तसाच हवा होता. त्याने सगळे श्वास एका जागी गोळा केले आणि पुसून टाकले. स्वयंपाकघरात अस्मिताला ठसका लागला. फोडणीचा असेल, तो म्हणाला.

कॉम्प्युटरवरची बाई गायला लागली तेव्हा अस्मिता शेजारी उभी होती. अण्णांनी शिकवलेली भूपातली चीज, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत अखंड.

"मीच आहे रे ही," ती म्हणाली. "पण मी अशी नाही."

त्यानंतरच्या शुक्रवारी निनाद बाल्कनीत पाना घेऊन उभा होता. आत अस्मिताने सा लावला. खाली एक टेम्पो येऊन थांबला. साड्यांचे गठ्ठे उतरवले, हिशेबावरून थोडी बाचाबाची झाली, "यल्ला, यल्ला" करत निघायची घाई झाली, टेम्पो निघून गेला. सा तसाच चालू होता. निनादने पाना खाली ठेवला.

तो आत आला तेव्हा तिने डोळे उघडले. "दम वाढलाय रे माझा!" ती खुशीत म्हणाली. "अण्णांना ऐकवते."

फोनवर अण्णा ऐकत राहिले.

"छान झालं, अस्मे," ते म्हणाले. "पण श्वास कुठे घेतलास, मला सापडला नाही. म्हातारा झालो वाटतं."

पुढच्या शुक्रवारी ते म्हणाले, "आज गाऊ नकोस, बाळा. नुसतं बोल माझ्याशी."

आणि इकडे निनादच्या खोलीत निराळंच सुरू झालं. कॉम्प्युटरवरची बाई गायला लागायच्या आधी काहीतरी ऐकू यायचं. आधी वाटलं एसी. भर जूनमध्ये त्याने एसी बंद केला. फ्रिजसुद्धा बंद केला. मग स्पीकरला कान लावून बसला. घशाशी एक बारीकशी अडक, आणि मागोमाग आत ओढलेला श्वास. त्याने पडद्यावर तो आवाज मोठा करून पाहिला. तिथे सरळ, सपाट रेघ होती. तिथे काहीच नव्हतं.

अस्मिताला त्याने सांगितलं नाही. काय सांगणार?

तय्यबभाईंच्या लेकीचा, मरियमचा वाढदिवस आला. सगळ्या बायका फुगे फुगवत बसल्या होत्या. अस्मितानेही एक लाल फुगा ओठांना लावला. लावून बसली.

"आंटी, यू आर नॉट ब्लोइंग!" मरियम खिदळली.

सगळे हसले. अस्मिताही हसली. तिचं तोंड हसलं, डोळे हसले, पण आवाज झाला नाही आणि खांदे हलले नाहीत. फुगा तिच्या बोटांत लुळा पडला होता. निनादचा आणि तिचा डोळ्याला डोळा भिडला, आणि दोघांनाही कळलं.

घरी आल्यावर तिने टिकली लावायचा आरसा घेतला आणि नाकाखाली धरला. दोघं बघत राहिले. आरसा लख्ख होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावली, मशीनवरचे आकडे पाहिले, "एकदम नॉर्मल" म्हणाले. मात्र नळी कानातून काढल्यावर त्यांनी ती दोनदा झटकून पाहिली.

तेव्हापासून अस्मिताचा रियाज बंद झाला. बोलायची, पण एका पट्टीत, मधे न थांबता, फोनवरच्या बाईसारखी.

"भीती नाही वाटत रे," ती एकदा म्हणाली. "पण सूर लावला की तो संपतच नाही. कुठे थांबायचं तेच कळत नाही."

निनादने कपाळावर हात मारून घेतला. "मी काढले गं ते. खडे निवडावेत तसे निवडून टाकून दिले. जी गोष्ट ऐकून अण्णांचा जीव सुपाएवढा व्हायचा, ती मी कचरा म्हणून टाकली." त्याने तिला परत कपाटात बसवलं, माइक लावला, नुसता श्वास घे म्हणाला. ती बसली. माइकमध्ये खालच्या रस्त्याची घरघर आली, शालूची सळसळ आली. तिचं काही आलं नाही.

त्याच आठवड्यात जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीचा फोन आला. निनादने आधीच पाठवून ठेवलेला आवाजाचा नमुना त्यांना पसंत होता. "इतका खरा वाटतो," तिकडचा माणूस म्हणाला, "मधेच श्वास घेते ना, ते फार ग्रेट केलंय तुम्ही." नोकरी, व्हिसा, सगळं समोर आलं होतं. निनाद हो म्हणाला नाही. रात्रभर तळमळून सकाळी अस्मितासमोर येऊन बसला.

"पुसून टाकतो तिला. सगळी. मग कदाचित तुझं तुला परत मिळेल. दुबई गेली खड्ड्यात, साताऱ्याला जाऊ."

"आणि माझे श्वास तिच्यापाशी असतील तर?" अस्मिताने त्याच एका पट्टीत विचारलं. "तिच्याबरोबर तेही गेले तर?"

दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"पूस," ती म्हणाली. "अण्णांना पुन्हा एकदा तरी चोरी धरू दे."

तो शुक्रवार होता. पोहे झाले नव्हते. निनाद आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसला. गाण्याचा प्रोग्रॅम बंदच होता. त्याने आवाजाच्या सगळ्या फायली निवडल्या. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं का?

बाहेर फोन वाजला.

अस्मिताने उचलला. साताऱ्याहून तिचा भाऊ अनिल बोलत होता. ती ऐकत होती. "कधी?" तिने विचारलं. मग, "बरं." मग फोन ठेवला.

निनाद दारात आला.

"अण्णा गेले," ती म्हणाली.

ती सोफ्यावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालांवरून, हनुवटीवरून, ओढणीवर. तोंड उघडलं. हुंदका येण्याआधी उघडतं, तसं. उघडंच राहिलं. छाती हलली नाही. आवाज नाही. निनादने तिला गच्च जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "रड गं, रड," म्हणत राहिला. हातांखाली तिची पाठ भिंतीसारखी शांत होती.

आणि आतल्या खोलीत घशाशी एक बारीकशी अडक झाली.

मग श्वास.

मग हुंदका.

एक, मग दुसरा. बाप गेलेली लेक रडते तसं रडणं, पोटातून, धाप लागेपर्यंत. स्पीकरमधून ते सगळ्या घरात भरलं. तानपुऱ्याच्या पेटीची जाळी त्याने थरथरायला लागली.

निनाद धावत आत गेला. पडद्यावर प्रश्न तसाच होता. त्याने बटणाकडे हात नेला.

मागून अस्मिता आली. तिने त्याचं मनगट धरलं. चेहरा पाण्याने भिजला होता, आणि आवाज सपाट होता.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मला जरा रडू दे."