उलटे दगड

ऑगस्टातली ती मोठी ओहोटी नेमकी दुपारची होती, म्हणून सोआझिगची सकाळपासून लगबग चालली होती. रबरी बूट बाहेर काढून झटकले, लोखंडी आकडी घासली, बादलीला नवी दोरी बांधली. संध्याकाळच्या जेवणाला खेकडे आणि तिसऱ्या शिंपल्या आणायच्या, काम एवढंच. दर उन्हाळ्यातलं.

यंदा सोबत भाची होती. क्लेमांस, दहा वर्षांची, तोंडाने तिखट, सुट्टीला ल्यों शहराहून आलेली. भावाने तिला गाडीतून उतरवतानाच बजावलं होतं, "ताई, एकुलती एक आहे. पहिल्यांदाच पाठवतोय. नीट परत दे."

सोआझिगला मूलबाळ नव्हतं. ही पोर दरवर्षी यावी असं तिला फार वाटे. म्हणून तिने पोरीला दीपगृहावर चढवलं, होडीने बेटावर नेलं, रविवारच्या बाजारात काळ्या गव्हाचे गरम घावन खाऊ घातले, लाकडी घोड्यांच्या पाळण्यात बसवलं. पोरीचं आपलं सगळ्याला एकच, "बरं आहे."

"आज तुझ्या बापाचा आवडता खेळ," सोआझिग म्हणाली. "चल, दगड उलटायला."

किनाऱ्याच्या दगडी बांधावर म्हातारा गुल्वेन पाय सोडून बसला होता. बांधाला लागूनच असलेल्या चर्चच्या घंटेची दोरी त्याच्या ताब्यात.

"सोआझिग, जपून हो. हिला खेकडा चावला तर खेकड्यालाच दवाखान्यात न्यावं लागेल!"

"तुम्हाला चावला तर तो जागीच मरेल, आजोबा," पोरगी म्हणाली.

गुल्वेन इतका हसला की त्याला ठसका लागला. मग समुद्राकडे बघून म्हणाला, "धुकं येईलसं दिसतंय. आलं तर घंटा देतो. घंटेकडे चालत यायचं, बाकी कशाकडे बघायचं नाही."

पाणी पार मागे गेलं होतं. जिथे एरवी नावा चालतात तिथे आता काळे खडक, शेवाळ आणि डबकी. सोआझिगने एक दगड उलटला, खालचा खेकडा अलगद बादलीत टाकला आणि दगड होता तसा परत ठेवला, शेवाळाची बाजू वर.

"हे कशाला?" पोरीने विचारलं.

"खाली बारीक जीवांचं घर असतं. छप्पर काढलंस तर परत घालून यायचं. उघडं राहिलं की सगळे मरतात."

"आणि दुसऱ्याच कोणी उलटा टाकला असेल तर?"

"तरीसुद्धा. दिसला उलटा की सुलटा करायचा. आपल्या गावात तसा टाकून कोणी पुढे जात नाही."

पोरीला हे फार आवडलं. सुट्टीत पहिल्यांदाच तिचे डोळे चमकले. शेपटासारखी आत्याच्या मागे फिरत ती प्रत्येक दगड जिथल्या तिथे बसवू लागली.

धुकं आलं ते हळू, पावलं न वाजवता. आधी बेट गेलं, मग बांध गेला. वारा पडला. ओल्या शेवाळाचा वास जड झाला, आणि लांबून गुल्वेनची घंटा ऐकू येऊ लागली.

"चल गं, पुरे झालं," म्हणत सोआझिग वळली. मागे कोणी नव्हतं.

"क्लेमांस?"

"आत्या, बघ ना..." आवाज शांत होता, जरा वैतागलेला. "इथे कोणीतरी सगळे उलटेच टाकलेत."

"राहू दे. ये इकडे."

"हा एवढाच..."

दुसऱ्यांदा आलेला आवाज पहिल्यापेक्षा लांबून आला होता.

सोआझिग त्या दिशेने निघाली. वाळूत पोरीच्या बुटांचे ठसे होते. ठशांच्या कडेने नुकतेच सुलटे केलेले दगड, रांगेत. मग एक दगड उलटा दिसला. घाईत पोरीच्या नजरेतून सुटला असावा. पांढुरकं पोट वर, त्यावर इवले जीव वळवळत होते. सोआझिग वाकली आणि तिने तो सुलटा केला. पुढे आणखी एक होता. तोही केला. हाताला सवयच तशी, लहानपणापासूनची. तिसऱ्याशी वाकताना पाय गार लागले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पाणी घोट्याशी आलंय आणि घंटा पाठीमागे, पार लांब राहिलीय.

तिने मागच्या वाळूकडे नीट पाहिलं. ठसे फक्त त्या दोघींचे होते. मग हे दगड उलटले कोणी? आणि समोर उलटा पडलेला तर दोन गड्यांना हलला नसता.

त्या दगडाला तिने हात लावला नाही. उघड्यावरचे जीव वळवळताना बघून तिची बोटं शिवशिवत होती, तरी ती मुठी आवळून बाजूने निघून गेली. पुढचाही तसाच सोडला. धुक्यात कुठेतरी खरखर झाली, दगडावर दगड घासल्यासारखी. सावकाश.

पोरगी गुडघाभर पाण्यात वाकून उभी होती. दोन्ही हात पाण्याखालच्या एका दगडावर.

"सोड तो."

"हा शेवटचा, आत्या... ते म्हणाले, हा शेवटचा."

"कोण म्हणाले?"

सोआझिगने तिला कमरेतून उचललं, बादली तिथेच टाकली आणि घंटेच्या रोखाने चालू लागली. मागे पुन्हा खरखर झाली. मग आणखी एकदा, जरा जवळ. तिने वळून पाहिलं नाही.

बांधावर गुल्वेन ओरडलाच, "होतीस कुठे? दोरी ओढून हात गळाले माझे!" मग पोरीच्या तोंडाकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "बरी आहे ना गं ही?"

"भिजलीय, बाकी काही नाही," सोआझिग म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पोर हातात होती. नीट परत देता येणार होती.

घरी येऊन तिने पोरीला गरम पाण्याने न्हाऊ घातलं, कोरडे कपडे चढवले. बाहेर अजून उन्हाळ्यातला लांबलेला उजेड होता. खेकडे समुद्राला गेले होते, म्हणून दोघी सूप आणि लोणी-पाव घेऊन बसल्या.

सोआझिगने पाव टेबलावर ठेवला. पोरीने हात पुढे केला आणि तो पालथा घातला.

पालथा पाव त्या घरात कधी कोणी ठेवला नव्हता; अशुभ मानतात. सोआझिगने तो सरळ केला. पोरीने पुन्हा पालथा घातला. मान वर न करता, अगदी निवांतपणे. मग मिठाची वाटी पालथी घातली. मग आपला पेला. मग खाली उतरून वाटेतलं छोटं स्टूल, आणि त्याच्या पुढे, उंबऱ्याशी ठेवलेलं फुलांचं भांडं. फुलं पाण्यासकट फरशीवर पसरली. पालथ्या वस्तूंची ओळ, खडकातल्या दगडांच्या रांगेसारखी, टेबलापासून निघून दारापर्यंत गेली होती, आणि दाराबाहेर भरतीचं पाणी बांधाला लागलेलं ऐकू येत होतं.

"आत्या," दाराला हात लावून पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सरळ नाही करणार?"

"नको, बाळ... राहू दे तसंच."

सोआझिगने आपले दोन्ही हात ॲप्रनखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवले. उजेड सरेपर्यंत ते तसेच होते, आणि पोरगी दाराशी उभी राहून त्या हातांकडेच बघत होती.