चार दिवे हिरवे होईपर्यंत

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मी काही कुणाला पटवायला बसलेली नाही. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, आणि माझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं, आजही आहे.

शुक्रवार होता. संध्याकाळचे साडेसहा.

बाहेर चांगला उजेड होता. शेजारचा शिंपी मशीन चालवत होता. म्हणजे भुताखेतांची वेळ अजिबात नव्हती.

आमच्या फोटो स्टुडिओत मी एकटी होते.

स्टुडिओ सासऱ्यांचा. पुढे काउंटर, मागे फोटोची खोली, आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात एक फळी. त्या फळीवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. सोळा वर्षं ते काम माझं. फोटो काढायचे त्यांनी, बॅटऱ्या भरायच्या मी. कॅमेरा मागितला की म्हणायचे, "सूनबाई, ज्याचं काम त्यानंच करावं."

बरं, बॅटऱ्या भरायचेही त्यांचेच नियम. एका वेळी एकच लावायची. भरलेली उताणी ठेवायची, उतरलेली पालथी. चार्जर एकच, कॅमेऱ्याबरोबर आलेला, पिवळ्या दिव्याचा. एक बॅटरी भरायला तीन तास! मी म्हणायची, "बाबा, चार बॅटऱ्या एकदम भरणारा चार्जर मिळतो आता." ते ऐकल्यासारखंसुद्धा करायचे नाहीत. नुसतं खाकरायचे. खाकरले म्हणजे विषय संपला.

चार महिन्यांपूर्वी ते गेले.

दिरांनी लगेच जागा विकायला काढली. मी आडवी आले. तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, एक मोठं काम एकटीनं करून दाखवा. किल्ली तुमची. नाही जमलं तर सोमवारी मी व्यवहार उरकतो." माझा नवरा तिथेच होता. तो भिंतीकडे बघत होता, नेहमीसारखा.

आणि त्याच शुक्रवारी दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांचा फोटोग्राफर आजारी पडला होता. उद्या सकाळी सातला येता का? सगळ्या वर्गांचे फोटो, शिवाय प्रत्येक मुलाचा ओळखपत्राचा फोटो.

मी हो म्हटलं. मग फळीकडे बघितलं.

चारही बॅटऱ्या पालथ्या.

तशीच उठले आणि बाजारात गेले. दुकानदारानं एक स्वस्तातला चार्जर पुढे केला. "ताई, कुठलीही बॅटरी चालते याला." म्हटलं, ज्याला काहीही चालतं ते मला चालत नाही. बॅटरीवर काय लिहिलंय, चार्जरवर काय लिहिलंय, दोन्ही वाचून जुळवलं. प्रत्येक बॅटरीला वेगळा दिवा, आणि भरली की आपोआप थांबणारा, असा घेतला. अडीच तासांत चारही भरणार होत्या. सोळा वर्षं काय मी झोपा काढल्या होत्या?

परत येऊन चार्जर लावला. चार लाल दिवे लागले.

मी पुढे काउंटरवर येऊन लेन्स पुसायला घेतली.

...खट.

आत जाऊन बघितलं. चारही दिवे बंद. भिंतीवरचं बटण वर उचललेलं.

म्हटलं, सैल असेल. दाबलं. पुन्हा चार लाल. बाहेर आले.

...खट.

या वेळी धावतच गेले. खोलीत कुणी नव्हतं. मागचं दार आतून बंद. बटण वर.

तिसऱ्या वेळी आवाजसुद्धा आला नाही. उलट शिंप्याची मशीन थांबली, पंखा थांबला, एकदम सगळं गप्प झालं. आणि त्या शांततेत, फोटोच्या पडद्याच्या मागून...

कुणीतरी खाकरलं.

खोटं कशाला बोलू, पाचावर धारण बसली. तरी गेले. पडदा सर्रकन ओढला. मागे नुसती भिंत.

फळीकडे वळले. नव्या चार्जरची पिन काढलेली होती. वायरची गुंडाळी करून वर गाठ मारलेली, घट्ट, दुहेरी. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचा. तीन बॅटऱ्या ओळीनं पालथ्या मांडलेल्या.

आणि चौथी...

चौथी जुन्या चार्जरमध्ये होती. त्याचा पिवळा दिवा लागलेला होता.

तो जुना चार्जर मी महिन्यापूर्वी ड्रॉवरमध्ये टाकला होता. टाकण्याआधी त्याची वायर कात्रीनं कापली होती. का कापली? राग आला होता म्हणून. झालं?

कापलेलं टोक फळीवरून खाली लोंबत होतं. कुठेही लावलेलं नव्हतं. आणि दिवा जळत होता.

दुसरी कुणी असती तर किंचाळत रस्त्यावर गेली असती. मीही जाणार होते, दारापर्यंत पोचलेही होते. पण तेवढ्यात डोक्यात हिशेब झाला. एका बॅटरीला तीन तास, म्हणजे चार बॅटऱ्यांना बारा. सकाळी सातला शाळा. हा माणूस मला पोचू देणार नव्हता.

मग मात्र माझं टाळकं सटकलं.

"बाबा!" मी ओरडले. "मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं होय? सोळा वर्षं तोंडातून उलट शब्द काढला नाही. तुमच्या प्रत्येक फोटोमागची बॅटरी मी भरली, आणि नाव तुमचं झालं. ते चाललं. आता गेलात ना? मग जा!"

जुन्या चार्जरमधून बॅटरी उपटली. पिवळा दिवा आणखी थोडा वेळ जळला आणि मग विझला. लगेच पंखा पुन्हा फिरायला लागला. दुहेरी गाठ दातांनी सोडवली. चारही बॅटऱ्या लावल्या, पिन खोचली, बटण खाली दाबलं. आणि या वेळी बोट उचललंच नाही. स्टूल ओढून तिथेच बसले.

पाच मिनिटं काही नाही.

मग...

बोटाखाली बटण हललं.

झटका वगैरे नाही. कुणीतरी पलीकडून अंगठ्यानं रेटावं तसं. हळूहळू. ठाम. मी जोर लावला. त्यानंही लावला. माझं नख पांढरं पडलं. मी दोन्ही हातांचे अंगठे ठेवले.

अडीच तास! अडीच तास मी मेलेल्या सासऱ्यांशी एका बटणावरून झुंजले. मध्येच रडले, मध्येच शिव्या दिल्या. नवऱ्याचा फोन वाजत राहिला, तो घेतला नाही.

सव्वानऊला पहिला दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग उरलेले दोन्ही एकदम.

बटणाखालचा जोर निघून गेला.

सकाळी शाळेत काम झालं. फक्कड झालं. एकोणीसशे फोटो काढले. बाईंनी चहा दिला, पुढच्या वर्षीचं कामही देते म्हणाल्या. मी खुशीत बॅटरी बदलायला कॅमेरा उघडला आणि हात तिथेच थांबला.

एका बॅटरीत फार तर पाचशे फोटो निघतात. मी सकाळपासून बॅटरी बदललीच नव्हती. आणि ती पूर्ण भरलेली दाखवत होती.

रात्रभर कॅमेरा चालू ठेवला. भरलेलीच. दुसरी घातली, तिसरी, चौथी. एकही उतरायला तयार नाही.

सोमवारी दिरांनी किल्ली दिली. वर म्हणाले, "बाबांचा आशीर्वाद बरं वहिनी!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आनंदाचं. आशीर्वाद कसला? पुन्हा सगळं स्वतःचंच करून ठेवलं बाबांनी!

मी त्या चारही बॅटऱ्या डब्यात बंद केल्या. स्वतःच्या कमाईतून चार नव्या घेतल्या. प्रत्येकीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. दुपारपर्यंत त्या उतरायच्या. मी गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायची, "थांबा हं, बॅटरी बदलते." काय बरं वाटायचं ते म्हणताना!

आठ महिने असे गेले.

गेल्या बुधवारी एक लग्न होतं. सकाळी लाल ठिपक्याची बॅटरी घातली. संध्याकाळ झाली, पाहुणे पांगले...

ती उतरली नव्हती.

काढून हातात घेतली. गरम होती, कुणाच्या तरी मुठीतून नुकतीच सुटल्यासारखी.

तीही डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवी आणली. काल आणखी एकीनं उतरणं सोडलं. उद्या पुन्हा बाजारात जाईन. अशा किती आणाव्या लागतील, मला माहीत नाही. हे लिहितानाही आतून खट असा आवाज येतो का, तिकडे कान आहे.

पण आणीन. आणि माझ्या मीच भरीन.