पाच पंचविसाचा पराभव

सव्वापाचपर्यंत कुणाला न हरणारा यंत्रमानव पाच पंचविसाला अकरा वर्षांच्या मुलीपुढे हार का मानतो?

तळेवाडीच्या बुद्धिबळप्रेमी मंडळात हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मंडळात प्रश्न पडायची पद्धतच नव्हती. यमुना देवस्थळीचा फोटो मात्र भिंतीवर लागला, खाली 'सदूकाकांना हरवणारी पहिली खेळाडू' अशी पाटी, आणि रविवारी सत्कार ठरला. सदूकाका म्हणजे मंडळाचा यंत्रमानव. हरल्यावर त्यांनी यमूचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "अभिनंदन, यमूताई. चला, चहा गार होईल."

चिटणीस पोंक्षे त्यावर म्हणाले, "पोरीकडून हरतंय म्हणजे यंत्र गेलं कामातून. सत्कार उरकला की भंगारात."

तेव्हापासून यमूला तो सत्कार नकोसा झाला होता. कारण कोड्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी ती आत्याआजीकडे गेली. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. जन्मभर संगणकांना खेळ शिकवून निवृत्त झालेली शास्त्रज्ञ. आता ती फक्त मांजराला शिस्त लावायची, आणि त्यात तिला अजून यश नव्हतं.

"मांड तो डाव," आत्याआजी म्हणाली.

यमूने मांडला. पटावर पाचच मोहरे. यमूचा राजा, हत्ती आणि पाचव्या रांगेतलं एक प्यादं. समोर सदूकाकांचा राजा प्याद्याच्या वाटेत, अगदी शेवटच्या रांगेत. आणि हत्ती त्यांच्या बाजूने मोजली तर तिसऱ्या रांगेत.

"इथे हार मानली त्याने?" आत्याआजीने चष्मा पुसला. "अगं, ही तर बरोबरी (कुणीच न जिंकलेला डाव) आहे."

"एक प्यादं जास्त असूनही?"

"असूनही. मासिकातली भूलभुलैयाची कोडी सोडवतेस ना? खरं सांग, पेन्सिल कुठून सुरू करतेस?"

यमू ओशाळली. "खजिन्यापासून. उलटी."

"लाजतेस काय! मोठमोठ्या संगणकांनी हेच केलं. पाच मोहरे चौसष्ट घरांत नव्वद कोटींहून जास्त प्रकारांनी बसतात. त्यातले अशक्य प्रकार काढून टाकायचे. उरलेल्यांपैकी जिथे मात झालीय, तिथे शिक्का मारायचा, 'संपलं'. मग एक पाऊल मागे. ज्या मांडणीतून एका चालीत मात होते, तिथे शिक्का, 'जिंकलं'. आणखी मागे. जिथून कुठलीही चाल केली तरी समोरचा जिंकतो, तिथे 'हरलं'. असं मागे मागे येत राहायचं. ही उलटगणना (शेवटापासून सुरुवातीकडे मोजत येणं). शेवटी आणखी एकही शिक्का मारता येईना, की थांबायचं."

"आणि ज्यांच्यावर शिक्काच नाही?"

"त्या सगळ्या बरोबरीच्या. तुझा हा डाव त्यातलाच. बघ, त्याचा हत्ती तिसऱ्या रांगेत आडवा बसला की तुझ्या राजाला पुढे जाता येत नाही. म्हणून तू प्यादं सरकवणार. सरकवलंस की हत्ती पार तुझ्या टोकाला पळणार आणि मागून शह देत सुटणार. प्यादं पुढे गेलं, आता तुझ्या राजाला आडोसा कुठला?"

यमूने दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा आडोसा सापडला नाही.

"मग तुमच्या सदूला हे ठाऊक कसं नाही?" आत्याआजीने विचारलं.

यमू पटाकडेच बघत बोलली. "त्यांना बाहेरचं काही शिकवायचं नाही, मंडळाच्या संस्कारांत वाढू दे, असं ठरलं होतं. म्हणून चाळीस वर्षांच्या डाववह्या दाखवल्या. पानं मीच उलटत होते. मंडळात चहा साडेपाचला येतो. आता ड्रोनवरून उडत येतो, तरी साडेपाचलाच. चहा गार होऊ नये म्हणून प्यादं कमी असलेला पाच पंचविसाला हात पुढे करतो. हत्तीचे एकशे अकरा डाव आहेत वहीत. शेवटपर्यंत एकही नाही. मला माहीत होतं, आजी. मी एक प्यादं कसंबसं मिळवलं आणि नुसती घड्याळाकडे बघत बसले."

आत्याआजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "यंत्राला जेवढं वाढावं, तेवढंच ते जेवतं."

रविवारी पोंक्षेंनी हार पुढे केला, तेव्हा यमू हात मागे बांधून उभी राहिली. "मी जिंकलेले नाही. ती बरोबरी होती. तोच डाव पुन्हा मांडते. मी सदूकाकांच्या बाजूने खेळते, तुम्ही माझ्या बाजूने जिंकून दाखवा."

"हॅ! एक प्यादं जास्त आहे की!" पोंक्षे बसले. सदूकाका शेजारी चाली लिहायला बसले. यमूचा हत्ती तिसऱ्या रांगेत येरझारा घालू लागला.

पाच पंचविसाला सगळ्यांनी सवयीने यमूच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवरच होता. साडेपाचला चहा आला. कुणी उठलं नाही. पोंक्षेंनी एकदा कपाकडे, एकदा पटाकडे पाहिलं आणि चाळीस वर्षांच्या परंपरेविरुद्ध प्यादं सरकवलं. हत्ती टोकाला धावला. शह. शह. पुन्हा शह. चहावर साय धरली. सहा वाजून दहा मिनिटांनी पोंक्षे पुटपुटले, "बरोबरी."

सदूकाकांनी लिहून घेतलं. मग मान वर केली. "वहीत नव्हतं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, यमूताई?"

सगळं मंडळ ऐकत होतं. यमूने होकारार्थी मान हलवली.

"मग तेही लिहू?"

हे पान पुढचा प्रत्येक यंत्रमानव वाचणार होता. "लिहा," ती म्हणाली.

त्यांनी जुना डाव काढला आणि 'पांढरे विजयी' खोडून सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'बरोबरी. पांढऱ्या बाजूचे लक्ष घड्याळाकडे होते. नंतर तिने स्वतःच सांगितले.'

पोंक्षेंनी भिंतीवरचा फोटो उतरवला. भंगाराचं नाव काढलं नाही.

"सदूकाका," यमूने हळूच विचारलं, "आज काय शिकलात?"

"दोन गोष्टी. हत्तीचे डाव लांबतात," सदूकाका म्हणाले, "आणि चहा पुन्हा गरम करता येतो. बसा. आता मी काळे घेतो."