सारजाचं पुढं काय झालं?

“एकाच माणसानं कुस्तीचे डावबी लिवायचे आन् बाळंतिणीचा आहारबी?” सुयोग पुस्तकांच्या थप्पीवर वाकून वाचत होता. “सोपे बीजगणित, मानसिंगराव. आडातली हडळ, मानसिंगराव. शेळीपालन भाग दोन, मानसिंगराव. रेश्मे, भाग एक कुठं गेला गं?”

“शेळीनं खाल्ला,” त्याची बहीण रेश्मा म्हणाली.

कळंबच्या वाचनालयात दीपकदादा सुतळीनं गठ्ठे बांधत होता. वाचनालयाचं काम त्याच्याकडे नुकतंच आलं होतं, त्यामुळे अंगात भलता उत्साह. दुपारी टेम्पो येणार होता. बारामतीच्या पुस्तक प्रदर्शनात ‘आमच्या गावचे ग्रंथकार’ म्हणून दुसऱ्या दिवशी मानसिंगआबांचा सत्कार होता आणि तिथून ही सगळी पुस्तकं दुसऱ्या गावच्या वाचनालयांना वाटली जाणार होती.

“दादा, अजून एकदा बघ ना,” सोनल म्हणाली. “संजीवनी.”

“अगं बाई, कॉम्प्युटरात न्हाय म्हंजी न्हाय. सगळी नावं मीच भरल्यात.”

सोनल पुन्हा थप्पीकडे वळली. ती लोणी देवकरहून सुट्टीत मामाकडे, म्हणजे सुयोग-रेश्माच्या घरी आली होती, आणि सुट्टी आता संपत आली होती. संजीवनी म्हणजे तिची आई. ती कळंबच्या बालवाडीत शिकवायची. पोरांसाठी तिनं सारजा नावाच्या शेळीची गोष्ट लिहिली आणि बारामतीला छापून घेतली. घरातल्या प्रती बालवाडीच्या पोरांनी वाचून वाचून फाडल्या. एक तेवढी वाचनालयाला दिली होती. सोनल पाळण्यात होती तेव्हाच आई गेली.

गोष्ट सोनलला बाबांनी सांगितली होती. सारजा बाजार बघायला निघते, एस.टी.त चढते, कंडक्टर तिकीट मागतो, ती त्याचीच तिकिटं खाते. एस.टी. इंदापूरला पोचते. आणि तिथं बाबा दर वेळी थांबायचे. “पुढचं आठवत नाही गं,” म्हणायचे आणि उठून कामावर जायचे. आई नसण्याची सोनलला सवय झाली होती. पण तिची गोष्ट अर्धीच राहिली होती, त्याची सवय काही होत नव्हती. आईनं पुढं काय लिहिलं असेल, एवढं एकच तिला हवं होतं.

तिघं पाय ओढत घरी आली. बनाबाई आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सुयोगनं तो उचलला आणि त्यावरची कोरलेली अक्षरं वाचून ठसका लागेपर्यंत हसला.

“हे बघा, इथंबी मानसिंगराव! आजी, हा तांब्याबी मानसिंगआबांनीच घडवला का?”

“खुळा का काय तू? तुझ्या बापाच्या लग्नात आहेर केला त्यांनी. देणारा नाव घालतोच की. देवळातल्या पंख्यावर बघ, शाळंतल्या बाकावर बघ.”

रेश्मा हसायची थांबली. “आजी, पुस्तकांवरबी घालतात का नाव?”

“घालतात की. वाचनालयात वाळवी लागली व्हती, पुस्तकांची पुढची पानं पार पीठ झाली. तवा मानसिंगरावांनी नवे पुठ्ठे बांधून दिले सगळ्यांना. नाव घातलं असंल त्यावर.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दीपकदादानं नुसते पुठ्ठे वाचून कॉम्प्युटर भरला होता!

“म्हंजी आईचं पुस्तक...” सोनल उठलीच.

“त्या गठ्ठ्यात हाय,” रेश्मा म्हणाली. “पळा!”

टेम्पो दारात लागला होता. दीपकदादा शेवटची गाठ मारत होता.

“दादा, गठ्ठे सोड. पुस्तकं आबांची न्हाईत,” रेश्मा धापा टाकत म्हणाली.

“हां, तुझी हायत. व्हा बाजूला. सकाळपास्नं बांधलंय मी हे.”

सोनलचे डोळे भरून आले. सुयोगनं मात्र डोकं खाजवलं आणि एकदम साळसूद चेहरा केला.

“बरोबर हाय दादाचं. पण दादा, बारामतीची माणसं लेखकाची सही मागतात. एवढ्या पुस्तकांवर एकबी सही न्हाय? लोक तुलाच हसतील बघ.”

दीपकदादाचा हात सुतळीवरच थांबला. “आयला, खरंच की. जा, आबांना बोलव. अन् तुमी दोघी गठ्ठे सोडा बघू.”

सोनलनं नखांनी गाठी सोडल्या. मानसिंगआबा इस्त्रीची टोपी घालून आले, खुर्चीत बसले. दीपकदादानं आदबीनं पेन दिलं आणि पहिलं पुस्तक पुढं सरकवलं. आबांनी चष्मा लावला.

“बाळंतिणीचा आहार,” त्यांनी वाचलं. “यावर म्या कशापायी सही करू?”

“लेखकाची लागते ना आबा.”

“कोण लेखक?”

“तुमीच की.”

आबांनी पेन खाली ठेवलं. “दीपक, मी चौथीत शाळा सोडली. बाळंतिणीला काय घालायचं ते मला काय ठावं? मी पुठ्ठे दिले रं. मला वाटलं, त्याचाच सत्कार हाय.”

टेम्पोवाला खो खो हसायला लागला. दीपकदादाला कुठं तोंड लपवावं कळेना. सोनलचं तिकडं लक्षच नव्हतं. ती एकेक पुस्तक उघडून बघत होती. बीजगणित नाही, हडळ नाही, कुस्ती नाही. मग ‘शेळीपालन भाग दोन’ हातात आलं. बांधणाऱ्यानं आत शेळी बघून वर ‘शेळीपालन’ ठोकून दिलं होतं. पहिली पानं नव्हती, म्हणून ‘भाग दोन’. पहिलीच ओळ होती: ‘कंडक्टर म्हणाला, शेळीबाई, तिकीट?’

“सापडलं,” ती म्हणाली. “आबा, हे माझ्या आईचं हाय.”

आबांनी तिला जवळ घेतलं. मग पुस्तक मांडीवर ठेवून पुठ्ठ्यावरचं स्वतःचं नाव पेननं खोडलं, आणि खाली हळूहळू, एकेक अक्षर जपून लिहिलं: संजीवनी. “मोठ्या माणसांनी फकस्त पुठ्ठे बघितले,” ते म्हणाले. “पोरांनो, आत तुमीच बघितलंत. दीपक, बारामतीला मी येतो, पण ग्रंथकार म्हणून न्हाय. अन् ही तिघं माझ्या शेजारी बसतील. आता सगळ्यांची खरी नावं हुडक. हे पुस्तक मातर पोरीपाशी राहू दे.”

दीपकदादानं मान खाली घालून होकार दिला, आणि सोनलसाठी स्वतः खुर्ची पुसून दिली.

निरोप मिळाल्यावर संध्याकाळी बाबा कामावरून थेट कळंबला आले. पुस्तक बघून ओसरीवरच बसले. सोनलनं इंदापूरचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. सारजा बाजारात हरवते. इकडं घरी तिचं करडू दाराशी बसून राहतं. शेजारणी म्हणतात, चल, आता ती काय येत नाही. पण करडू हलत नाही. शेवटची एस.टी. येते...

‘करडू रडलं नाही,’ सोनल वाचत होती. ‘त्याला ठाऊक होतं, आईला उशीर होतो, पण आई येते.’

बाबांनी तोंड फिरवलं. “हे कसं सांगणार होतो गं तुला?” ते म्हणाले. “खोटं ठरलं असतं.”

सोनलनं पुस्तक छातीशी धरलं. मग म्हणाली, “खोटं कुठं बाबा? आली की. उशीर झाला, एवढंच.”